क्षयजंतूतील न जुळलेले कडे

डॉ. शेखर मांडे हे नाव महाराष्ट्रातील वाचकांना पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे माजी संचालक आणि २०१८ ते २०२२ या काळातील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक म्हणून परिचित आहे. परंतु त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत विलक्षण काम प्रयोगशाळेतले असून, प्रथिनांचे घटक एकमेकांशी कसे जुळतात या एकाच प्रश्नाभोवती ते फिरते.

नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मांडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जैवभौतिकीकडे, म्हणजे सजीवांतील रेणूंचा भौतिकशास्त्राच्या साधनांनी अभ्यास करणाऱ्या शाखेकडे वळले. तेथील एम. विजयन यांच्या गटाने १९९४ मध्ये शेंगदाण्यातील लेक्टिन या शर्करेला चिकटणाऱ्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली आणि त्या निबंधाच्या लेखकांत मांडे होते. स्फटिकावर सोडलेले क्ष-किरण कसे विखुरतात यावरून अणूंच्या जागा ठरवल्या, तेव्हा चार एकसारखे घटक एकत्र येऊनही त्यांच्या मांडणीत अपेक्षित सममिती नसल्याचे आढळले.

घटकांच्या जुळणीचा हा प्रश्न पुढे ‘ग्रोईएल’ या प्रथिनामुळे अधिक गंभीर झाला. ई. कोलाय जंतूत ग्रोईएलचे चौदा घटक सात-सातांच्या दोन कड्यांत बसून सुमारे पंधरा नॅनोमीटर उंचीचा पोकळ डबा तयार करतात, ‘ग्रोईएस’ हे दुसरे प्रथिन त्याचे झाकण होते आणि नीट न घडलेले प्रथिन आत सुरक्षितपणे घडी घालून घेते. अशा रेणूंना चॅपेरोनिन म्हणतात. या पोकळीचे आकर्षण नॅनोतंत्रज्ञांनाही वाटले, हे स्वाभाविकच होते: २००३ मध्ये जपानमधील संशोधकांनी चॅपेरोनिनमध्ये कॅडमियम सल्फाइडचे कण कोंडले आणि पेशीचे इंधन असलेले एटीपी घालताच ते बाहेर सोडवले.

क्षयरुग्णाच्या थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जो दोन-चार मायक्रोमीटर लांबीचा क्षयजंतू शोधतात, त्याच्याजवळ मात्र ग्रोईएलची एक सोडून दोन जनुके आहेत. पुढे हैदराबादला काम करताना मांडे व त्यांचे सहकारी यांनी ही प्रथिने ई. कोलायमध्ये तयार करून तपासली, तेव्हा २००४ मध्ये अनपेक्षित उत्तर मिळाले: चौदा घटकांची दोन कडी बनतच नव्हती, स्फटिकात तर केवळ जोड्या होत्या. पाठ्यपुस्तकातला डबा येथे नव्हता, तरीही ही प्रथिने इतर प्रथिनांच्या गुठळ्या होऊ देत नव्हती.

कारण शोधण्यासाठी या गटाने प्रथिन अभियांत्रिकीचा, म्हणजे जनुकात हेतुपूर्वक बदल करून प्रथिनाचे वर्तन बदलण्याचा मार्ग धरला. दोन्ही जनुकांचे तुकडे यादृच्छिकपणे एकमेकांत मिसळून, त्यांतून ई. कोलायमध्ये काम करू शकणारी रूपे निवडण्यात आली. मग दोन जंतूंच्या ग्रोईएलमधील, कडी जोडून धरणाऱ्या भागाची अदलाबदल करण्यात आली. त्या अदलाबदलीने ई. कोलायच्या प्रथिनाने आपले काम गमावले आणि क्षयजंतूच्या पहिल्या ग्रोईएलने ते मिळवले, हा २००९ चा निष्कर्ष अतिशय सुंदर आहे, कारण दोष नेमका जुळणीत असल्याचे त्यातून सिद्ध झाले.

प्रत्यक्ष क्षयजंतूतून काढलेल्या या प्रथिनात मात्र एक कडे व दोन कडी अशी दोन्ही रूपे सापडली आणि ३९३ व्या स्थानावरील सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडलेले केवळ दुहेरी रूपातच आढळले. रासायनिक खुणेने उघडमीट होणारा नॅनो-डबा लवकरच औषधे वाहून नेईल, असे त्यावरून जाहीर करणे उतावळेपणाचे ठरेल. तूर्त एवढेच कळले आहे की जुळणीची ही कळ जंतूजवळ आधीपासूनच आहे.