एका प्रथिनासाठी एक यंत्र : उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्याचा हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी. रक्त तपासणाऱ्या यंत्राशी कापडवाल्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु एक नियम प्रत्येक धंद्याला लागू आहे. मालाचे वजन कळले म्हणजे मालाची जात कळली असे होत नाही. तागा काट्यावर ठेवला तर किलो समजतील. त्यात सूत किती आणि पॉलिएस्टर किती, हे काटा सांगणार नाही. त्याची परीक्षा वेगळी करावी लागते. रक्तातील प्रथिनांचेही असेच आहे.

उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत, अंबरनाथच्या पूर्वेस-पश्चिमेस आणि बदलापुरात पॅथॉलॉजी लॅबच्या पाट्या जागोजागी दिसतात. बहुतेक ठिकाणी दोन यंत्रे असतात. एक रक्तपेशी मोजते, दुसरे साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन वगैरे सांगते. पहिल्या यंत्रावर हिमोग्लोबिन किती हे कळते. परंतु ते कोणत्या जातीचे, हे कळत नाही. आमच्या भागात नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

उल्हासनगरची गरज

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासित बांधव आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. मेहनतीने त्यांनी येथे मोठी बाजारपेठ उभी केली. मात्र बीटा थॅलेसेमिया या रक्तदोषाचे वाहक भारतात सरासरी शंभरात तीन ते चार मानले जातात. सिंधी समाजात हे प्रमाण त्याहून बरेच जास्त आहे. पंजाबी, लोहाणा, कच्छी आणि मेमन समाजांतही हा दोष आढळतो. यात कोणाचा गुन्हा नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून चालत येतो.

वाहक माणूस धडधाकट असतो. आपण वाहक आहोत, हे त्याला ठाऊकही नसते. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्तामुळे शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी औषधे चालू ठेवावी लागतात. चुलत-मामे नात्यांत विवाह होतात तेथे धोका अधिक, कारण एकाच आजोबांचा दोष दोन्ही बाजूंना उतरलेला असू शकतो. इराणने १९९७ पासून आणि सौदी अरेबियाने २००४ पासून विवाहापूर्वी ही तपासणी सक्तीची केली, त्याचे कारण हेच होय.

यंत्र काय करते?

प्रौढ माणसाच्या रक्तात बहुतांश हिमोग्लोबिन ‘ए’ असते. ‘ए-टू’ नावाचा प्रकार शंभरात दोन-तीन भागच असतो. थॅलेसेमियाच्या वाहकात तो बहुधा चार किंवा त्याहून अधिक होतो. म्हणजे सारा निकाल शंभरातील एक-दोन भागांच्या फरकावर! पूर्वी हे काम विजेच्या प्रवाहाने पट्टीवर प्रथिने वेगळी करून हाताने केले जाई. त्यात हातखंडा लागे आणि वेळही जाई.

आता याकरिता एच.पी.एल.सी. हे खास यंत्र आहे. पातळ केलेले रक्त दाबाने एका बारीक नळकांड्यातून सोडतात. प्रत्येक प्रकारचे हिमोग्लोबिन आपापल्या ठरलेल्या वेळी बाहेर पडते आणि यंत्र त्याचा आलेख काढते. सहा-सात मिनिटांत नमुना पूर्ण. याच आलेखात सिकलसेलचे हिमोग्लोबिनही दिसते. अमेरिकेची बायो-रॅड, जपानची तोसो या कंपन्या अशी यंत्रे बनवितात. फ्रान्सची सेबिया केशिका-नळीत विजेने प्रथिने वेगळी करणारे यंत्र बनविते.

प्रत्येक प्रथिनाला स्वतंत्र यंत्र हवेच, असे मात्र नाही. रोगप्रतिकारक प्रथिने मोजण्यासाठी नेफेलोमीटर असते. प्रथिन आणि त्याचे प्रतिद्रव्य एकत्र आले की द्रव गढूळ होतो. त्यावरून विखुरणारा प्रकाश ते मोजते. परंतु सी.आर.पी.सारख्या तपासण्या आता साध्या यंत्रावरही होतात. अशा तपासण्यांसाठी लहान लॅबने वेगळे भांडवल अडकवू नये.

नफा-तोट्याचा हिशेब

समजा, खास यंत्राचा रोजचा बांधलेला खर्च १,५०० रुपये आहे. दिवसाला पाच नमुने आले तर एका नमुन्यावर ३०० रुपयांचा बोजा पडतो. पन्नास आले तर फक्त ३० रुपयांचा. शिवाय यंत्र बरोबर चालते की नाही हे पाहण्यासाठी कंट्रोलचे नमुने आधी लावावे लागतात. रोग्यांचे तीन नमुने आणि कंट्रोलचे दोन, असा धंदा बरकत देत नाही. मग खर्च वाचविण्यासाठी कंट्रोल टाळण्याचा मोह होतो आणि तेथेच रिपोर्ट बिघडतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, मधुमेहाची एचबीए-वन-सी तपासणी. तीही हिमोग्लोबिनचीच असून तिला रोज गिऱ्हाईक आहे. काही यंत्रांवर दोन्ही तपासण्या होतात, त्यामुळे मधुमेहाच्या नमुन्यांवर थॅलेसेमियाचाही खर्च निघतो. दुसरा उपाय भागीदारीचा. तिन्ही शहरे एकाच लोकल मार्गावर आहेत. एका ठिकाणी यंत्र बसवावे, बाकीच्या लॅबनी नमुने पाठवावेत. जांभळ्या टोपीच्या नळीतील रक्त फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांवर साधारण आठवडाभर टिकते. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, तसे पावसाने रेल्वे बंद पडली तरी माल वाया जात नाही.

डी.एम.एल.टी. होऊन लॅब काढू पाहणाऱ्या तरुणांनी हेही ध्यानात ठेवावे की, रिपोर्टवर सही पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टचीच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

गिऱ्हाइकाने काय पाहावे?

लॅबमध्ये जाताना साध्या ‘हिमोग्लोबिन’ऐवजी एचबी-ए-टू तपासणी मागावी आणि ती कोणत्या पद्धतीने होते हे विचारावे. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढविले असेल तर सांगावे, कारण दुसऱ्याचे रक्त मिसळल्याने निकाल फसवा येतो. शरीरात लोह कमी असल्यास ए-टू खाली दिसू शकते आणि वाहक माणूस निर्दोष ठरू शकतो. म्हणून पेशींचा आकार सांगणारा रिपोर्ट सोबत ठेवून दोन्ही डॉक्टरांना दाखवावेत. निकाल सीमेवर असेल तर जनुकीय तपासणी करावी. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था १९५७ पासून रक्तदोषांवर काम करीत आहे.

लग्नाच्या खरेदीला लोक आमच्या दुकानांत येतात, तेव्हा शालूचा रंग पक्का आहे ना, हे दहा वेळा विचारतात. त्याच खरेदीच्या यादीत मुला-मुलीची ही एक तपासणी लिहावी. तिचा खर्च शालूच्या किमतीपुढे किरकोळ आहे. आपल्या जमातींनी आणि व्यापारी मंडळांनी पुढाकार घेऊन नमुने एकत्र गोळा केले तर दर आणखी उतरेल, यंत्रालाही पुरेसे काम मिळेल आणि रिपोर्टवर भरवसा ठेवता येईल. साखरपुड्याची तारीख ठरण्याआधीच हे करावे. नंतर दोन्ही घरांना निर्णय घेणे जड जाते.