नियम थोडे, डाव मोठा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम हा खेळ ज्यांनी कधी पाहिलेला नाही, त्यांना तो समजवायचा तर भातुकली आठवायला सांगावे. भातुकलीत कुणी आई होते, कुणी पाहुणा होतो आणि बोलता बोलता घर उभे राहते. इथेही तसेच. चार-पाच भिडू एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण पंच होतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. समोर काय आहे ते मास्टर सांगतो, आपले पात्र काय करते ते भिडू सांगतात, आणि निकाल उघड नसेल तिथे फासा पडतो. भातुकलीत भांडण झाले की डाव मोडतो; इथे भांडण मिटवायला नियमपुस्तक असते. हे पुस्तक कोणते घ्यावे, हा नवख्यापुढचा पहिला प्रश्न. दुकानात गेले तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची नवी आवृत्ती हातात पडते. तिचे खेळाडूंसाठीचे एकटे पुस्तकच तीनशे पानांच्या वर जाते, मास्टरची पुस्तके वेगळी. माझे म्हणणे असे की, नवख्याने तिथून सुरुवात करू नये. पन्नास वर्षांपूर्वीच्या घडणीचे, थोडक्या पानांचे नियम घ्यावेत. विचारणे, ऐकणे आणि ठरवणे हा या खेळाचा जीव आहे, आणि जुन्या नियमांत तो झाकला जात नाही.

जुने म्हणजे किती जुने? अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्ह आर्नेसन १९७१पासून ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित मुलखात मित्रांना खेळवत होता. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावचा गॅरी गायगॅक्स हा लुटुपुटुच्या लढायांचे नियम लिहिणारा. दोघांच्या मेळातून जानेवारी १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाले. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, आणि पहिली छपाई फक्त १००० प्रतींची. त्या पुस्तिका वाचून खेळ समजणे अवघड होते. १९८१मध्ये टॉम मोल्डवे आणि डेव्हिड कुक यांनी तेच नियम ६४-६४ पानांच्या दोन पुस्तकांत स्वच्छ मांडले, आणि आज ‘ओल्ड स्कूल’ म्हणतात त्याचा मोठा आधार ती दोन पुस्तके आहेत. त्यासाठी पिवळी पडलेली पाने शोधत हिंडायला नको. २०००मध्ये ‘ओपन गेम लायसन्स’ आले आणि जुने नियम नव्याने लिहून छापण्याची वाट मोकळी झाली. २००६मध्ये ‘ऑस्रिक’ आले, मग एकामागून एक पुस्तके येत गेली. गॅव्हिन नॉर्मनचे २०१९मधले ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ हे मोल्डवे-कुकच्या नियमांचेच नीटनेटके रूप. हवे ते पान चटकन सापडावे अशी त्याची मांडणी आहे.

थोड्या नियमांत खेळ मोठा कसा होतो, ते एका पेटीवरून बघू. भुयारातल्या दालनात लोखंडी पट्ट्या ठोकलेली पेटी आहे आणि तिच्या कुलपात विषारी सुई दडवली आहे. नव्या पद्धतीत भिडू बहुधा हातातल्या कागदाकडे बघतो. सापळे शोधण्याचे कौशल्य अमुक, फासा टाकला, आकडा जमला, सुई निघाली. मोल्डवेच्या नियमांत पहिल्या पातळीच्या, म्हणजे नवशिक्या, चोराला सापळा सापडण्याची शक्यता शेकडा १० आहे. एवढ्याशा भरवशावर कुणी कुलपात बोट घालत नाही. मग भिडू विचारू लागतात. कुलपाभोवती ओरखडे आहेत का? पेटी हलवली तर आत काय वाजते? बिजागऱ्या बाहेरून आहेत का? आहेत म्हटल्यावर एक जण म्हणतो, आम्ही कुलपाला हातच लावत नाही. पेटी फिरवतो आणि छिन्नीने मागच्या बिजागऱ्यांच्या खिळी काढतो. ही युक्ती कोणत्याही पानावर लिहिलेली नाही. मास्टरला ती पटली, की फासा न टाकता पेटी उघडते. फार तर ठोकण्याचा आवाज दूरवर जातो आणि कुणीतरी कानोसा घेत येते. नियमात जागा रिकामी होती म्हणून भिडूंना डोके चालवावे लागले. नवख्याला तर याचा दुहेरी फायदा होतो. त्याला नियम पाठ नसले तरी चालतात, कारण बिजागरी काय असते हे त्याला घरातूनच ठाऊक असते.

यावर कुणी म्हणेल की, नियम कमी म्हणजे खेळ ढिसाळ. पण जुन्या नियमांत जे थोडे आकडे आहेत ते फार विचाराने बसवलेले आहेत. एक मशाल सहा ‘टर्न’ जळते, एक टर्न दहा मिनिटांची, म्हणजे मशालीला एक तास. दर दोन टर्नला मास्टर सहा बाजूंचा फासा टाकतो आणि १ पडला की भटके संकट समोर येते. एका मशालीच्या उजेडात असे तीन फासे पडतात. हिशेब केला तर संकट गाठण्याची शक्यता शेकडा ४२ निघते. वेळ काढणे इतके महाग असल्याने भिडू रेंगाळत नाहीत. मात्र संकट आले म्हणजे तलवारी उपसल्या असेही होत नाही. समोरचा कसा वागेल हे दोन फाशांच्या बेरजेवर ठरते, आणि विचार न करता हल्ला फक्त बेरीज २ आली तर. म्हणजे छत्तिसांत एकदा. ६ ते ८ बेरीज आली, तर समोरचाही गोंधळलेला असतो, आणि छत्तिसांत १६ वेळा तसेच घडते. तिथे बोलणी करता येतात, लाच देता येते, मागे सरता येते. बक्षिसाचेही तसेच. अनुभवाचे गुण मुख्यतः भुयारातून बाहेर आणलेल्या धनाचे असतात, सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. गॉब्लिन नावाचा एक किरकोळ शत्रू मारण्याचे गुण जेमतेम ५ आणि योद्ध्याला दुसऱ्या पातळीसाठी २००० लागतात. एकट्याने ४०० गॉब्लिन मारण्यापेक्षा त्यांच्या नकळत खजिना उचलणे शहाणपणाचे, हे या आकड्यांनीच सांगितले आहे. जुना खेळ मारामारीचा, असा समज असणाऱ्यांनी हे हिशेब एकदा मांडून बघावेत.

नियमांइतकेच महत्त्व मॉड्यूलला, म्हणजे मास्टरच्या हाती येणाऱ्या तयार मोहिमेला. गायगॅक्सचे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ १९७९च्या सुमारास नवख्यांच्या खोक्यात घालून दिले जात असे. सरहद्दीवर एक गढी, जवळच्या घळीत गुहांची रांग, आणि प्रत्येक गुहेत वेगळी टोळी. एका गुहेतला राक्षस भाडोत्री आहे. गॉब्लिनांवर हल्ला झाला की ते त्याच्याकडे २५० सोन्याच्या नाण्यांची थैली फेकतात आणि तो त्यांच्या बाजूने लढायला येतो; याआधी दुसऱ्या टोळ्यांचे पैसेही त्याने घेतलेले आहेत. हा एवढा तपशील मास्टरच्या हाती राजकारण देतो. पुढे काय होईल हे पुस्तक सांगत नाही. कुणाला फोडायचे आणि कुणाशी लढायचे हे भिडू ठरवतात. जेनेल जॅक्वेजच्या ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’त (१९७९) हेच गुहेच्या आराखड्यात दिसते. तिथे आत शिरायला आणि मजल्यामजल्यांत जायला अनेक वाटा आहेत, म्हणून दोन गटांचा प्रवास सारखा होत नाही. अगदी पहिल्या डावासाठी मात्र स्केर्पल्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाचे ‘टूम ऑफ द सर्पंट किंग्ज’ घ्यावे. ते फुकट मिळते, आणि कोणते दालन भिडूंना काय शिकवण्यासाठी आहे हे त्यात मास्टरला सांगितलेले असते. सुरुवातीच्या शवपेट्यांत मातीचे पोकळ पुतळे आहेत. आत सोनेही आहे आणि विषारी वायूही. फोडण्याआधी विचार करायचा, हा पहिला धडा तिथे कमी नुकसानीत मिळतो.

सेटिंग, म्हणजे ज्या जगात मोहिमा घडतात ते जग, याबाबत माझी शिफारस थोडी उलटी आहे. सुरुवातीला ते विकत घेऊच नये. एक गाव, एक जंगल आणि एक भुयार पहिल्या महिन्याला पुरते. भिडू जसे पुढे सरकतात तसा नकाशा वाढवावा. तयार जग हवेच असेल तर डेव्हिड मॅकग्रोगनचे ‘युन-सुइन’ (२०१४) बघावे. हिमालय आणि बंगालच्या आसपासच्या मुलखांची छाया असलेले ते जग युरोपी किल्ल्यांच्या नेहमीच्या साच्याबाहेरचे आहे. त्यात इतिहासाची जंत्री कमी आणि फासे टाकून स्वतःचे शहर, पंथ, व्यापारी घडवण्याची कोष्टके भरपूर आहेत. याही आधी, १९७५मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात उर्दू शिकवणाऱ्या एम. ए. आर. बार्करने ‘टेकुमेल’ हे जग प्रसिद्ध केले. भारतीय आणि मध्य अमेरिकी संस्कृतींच्या धाग्यांनी विणलेले ते जग भाषांच्या दृष्टीने थक्क करणारे आहे. पण बार्करने टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहिली होती, हे त्याचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच २०२२मध्ये मान्य केले. म्हणून नवख्याला मी ते सुचवत नाही. जुन्या पुस्तकांतले सगळेच जपण्यासारखे नसते. ‘कीप’मधल्या गुहांतही टोळ्यांच्या बायकामुलांच्या नोंदी आहेत, आणि टोळीच्या टोळी जन्मतःच दुष्ट मानण्याची सवय आज खटकायलाच हवी. मास्टरने ती सवय सोडून द्यावी. राक्षसाला विकत घेता येते हे शिकवणाऱ्या पुस्तकात शेजाऱ्याशी तह करायलाही जागा असते.

सर्वांत जोराचा आक्षेप मरणाचा. मोल्डवेच्या नियमांत पहिल्या पातळीच्या जादूगाराचा जीव चार बाजूंच्या फाशावर ठरतो, आणि गॉब्लिनाचा एक घाव सहा बाजूंच्या फाशाचा असतो. जीव शून्यावर आला की पात्र संपले. जपलेले पात्र असे गेले तर नवखा खेळ सोडून जाईल, ही भीती खोटी नाही. तिला दोन उत्तरे आहेत. जुन्या पद्धतीत पात्र दहा-पंधरा मिनिटांत तयार होते, त्यामुळे मेलेल्याचा भिडू पुढच्या दालनात नवे पात्र घेऊन हजर होतो. दुसरे, मरण खरे असले तरच बिजागरीची युक्ती खरी ठरते. हरण्याची शक्यता काढून टाकली की, सुटकेचा आनंदही जातो. मास्टरने मात्र धोक्याची चाहूल आधी द्यायलाच हवी. जमिनीवर हाडे दिसावीत, हवेत कुबट वास यावा. चाहूल न देता मारणे हा मास्टरचा दोष. म्हणूनच गायगॅक्सचे गाजलेले ‘टूम ऑफ हॉरर्स’ (१९७८) नवख्याच्या हाती देऊ नये. ते मुरलेल्या भिडूंची परीक्षा घेण्यासाठी रचलेले आहे. आणि ज्यांना आपल्याच नायकाची लांबलचक, जपून नेलेली कथा हवी आहे, त्यांच्यासाठी नवे नियम खरोखर बरे आहेत, हेही मान्य करतो.

दुसरा आक्षेप असा की, नियम थोडे असले की सगळे मास्टरच्या मर्जीवर येते. येतेच. पण लहरी मास्टरला तीनशे पानेही आवरू शकत नाहीत. ती पाने त्याला एकट्यालाच पाठ असली, तर उलट त्याचेच वजन वाढते. थोडे नियम सगळ्यांनी वाचलेले असतात, म्हणून निकाल चुकला की कुणीही बोट ठेवू शकतो. उरतो तो स्मरणरंजनाचा आरोप, की पोक्त माणसे बालपण धुंडाळत आहेत. पण योखाय गलचे ‘केर्न’ (२०२०) बघा. त्यात जुन्या खेळाची विचारपद्धत ठेवून जुने आकडे बिनदिक्कत टाकून दिले आहेत. पातळ्या नाहीत, घाव लागला की नाही याचा फासाही नाही, आणि सगळा खेळ वीस-पंचवीस पानांत मावतो. ज्याला फक्त आठवणीच जपायच्या आहेत तो असे पुस्तक लिहीत नाही.

मराठी वाचकाला यात आणखी एक सोय आहे. हा खेळ बोलण्यातून घडतो. इंग्रजी पुस्तक एका मास्टरने वाचले की बाकीच्यांना ते उघडावेही लागत नाही; भुयार, मशाल, बिजागरी हे शब्द आपल्या तोंडी आहेतच. ‘केर्न’चा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे त्याचा मराठी अनुवाद करून वाटायला कुणाची परवानगी लागत नाही, मूळ लेखकाचे श्रेय द्यायचे आणि अनुवादही तसाच खुला ठेवायचा, एवढ्याच अटी. ख्रिस गॉनरमनचे ‘बेसिक फँटसी’ही फुकट उतरवून घेता येते. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी ‘केर्न’ आणि ‘सर्पंट किंग्ज’ ही दोन फुकटची पुस्तके घ्या, चौकटींची वही, पेन्सिली आणि फाशांचा एक संच ठेवा, आणि एका रविवारी तीन-चार जणांना बोलवा. पहिले दालन वाचून दाखवा आणि विचारा, ‘आता काय करता?’ त्यानंतर गप्प बसा. खेळ तिथून सुरू होतो.