अपत्यहीनतेचा शोध: आता पुरुषाकडेही पाहू या

चेन्नई शहरात एग्मोर येथे स्त्रियांचे व बालकांचे एक जुने सरकारी इस्पितळ आहे. त्याची स्थापना १८४४ साली झाली. दक्षिण भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बालकाचा जन्मही १९९० साली ह्याच शहरात झाला. मातृत्वाच्या सेवेची इतकी जुनी परंपरा ह्या शहराला आहे. परंतु मूल होत नाही असे दिसले की, घर चेन्नईतील असो वा नागपुरातील, तपासणीस प्रथम जाते ती सून. नवससायास तिने करावयाचे, औषधे तिने घ्यावयाची आणि बोलणीही तिनेच ऐकावयाची. पुरुषाची पाळी आलीच तर सर्वांत शेवटी येते.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत पुरुषाकडील कारण आढळते; कधी ते एकटेच असते, तर कधी स्त्रीकडील कारणाच्या जोडीला असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितल्याप्रमाणे, जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. तेव्हा ही चिंता काही एकट्यादुकट्या घराची नव्हे.

पुरुषाची पहिली तपासणी अगदी सोपी असते. सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यातील शुक्रजंतू मोजतात, त्यांची हालचाल व आकार पाहतात. २०२१ सालच्या जागतिक मार्गदर्शिकेत एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा दिली आहे. पण ती ठरविली कशी, हे लक्षात घ्यावे. वर्षभराच्या आत ज्यांच्या पत्नीला गर्भ राहिला अशा पुरुषांची तपासणी झाली. त्यांपैकी शंभरांत पाच जण ह्या आकड्याच्या खाली होते. म्हणजे आकडा कमी आला म्हणून पितृत्व अशक्य ठरत नाही, आणि पुरेसा आला म्हणून निश्चितही होत नाही. मोजणीने शुक्रजंतू किती आहेत हे कळते. ते आपले काम करतील की नाही, हे कळत नाही.

हे काम शुक्रजंतूंतील प्रथिने करतात. शुक्रजंतू वृषणात तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेथून बाहेर पडताना तो पोहू शकत नाही. अधिवृषण नावाच्या, उलगडली तर सुमारे सहा मीटर भरणाऱ्या नागमोडी नळीतून जाताना त्याच्या पृष्ठभागावर नवी प्रथिने चढतात आणि मग तो समर्थ होतो. चेन्नईच्या तरमणी भागात मद्रास विद्यापीठाची मूलभूत वैद्यकशास्त्रांची संस्था आहे. १९४२ ते १९६९ ह्या काळात विद्यापीठाचे कुलगुरू असलेले प्रसूतितज्ज्ञ डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांचे नाव तिला दिलेले आहे. तेथील अंतःस्रावशास्त्र विभागाने वृषण व अधिवृषण ह्यांचा अभ्यास केला. क्रोमियमयुक्त पाणी दीर्घकाळ पाजलेल्या माकडांच्या ह्या दोन्ही अवयवांना इजा होते, असे त्या संशोधनात २००४ व २००५ च्या सुमारास दिसून आले. चामडे कमावण्याच्या धंद्यात क्रोमियमचे क्षार वापरतात, म्हणून हा निष्कर्ष तमिळनाडूला जवळचा आहे.

आता काही प्रथिनांची ओळख करून घेऊ. शुक्रजंतूच्या शेपटीत कॅटस्पर नावाची, कॅल्शियम आत घेणारी एक झडप असते. तिचा शोध २००१ साली लागला. ही झडप नादुरुस्त असलेल्या काही पुरुषांत संख्या व हालचाल साधारण दिसते, तरी गर्भधारणा होत नाही. दुसरे प्रथिन इझुमो. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली ते उजेडात आणले व विवाहबंधनाशी निगडित अशा तेथील एका देवस्थानाचे नाव त्याला दिले. त्याच्या आधारे शुक्रजंतू स्त्रीबीजाला चिकटतो. स्त्रीबीजावरील त्याचा जोडीदार जूनो २०१४ साली सापडला. तिसरे प्रथिन पीएलसी झीटा. फलनानंतर स्त्रीबीजाला जागे करण्याचे काम त्याचे. ते नसेल तर शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडूनही गर्भाची वाढ सुरू होत नाही.

ह्या ज्ञानाचा उपयोग दुहेरी आहे. पहिला निदानाचा. वीर्यात शुक्रजंतू मुळीच न आढळल्यास वाट बंद आहे की वृषणातच निर्मिती होत नाही, हे ठरविण्यासाठी पुष्कळदा वृषणाचा तुकडा काढून पाहावा लागतो. कॅनडातील टोरांटो येथील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखविले की, वीर्यद्रवातील टेक्स १०१ व ईसीएम १ ह्या दोन प्रथिनांच्या प्रमाणावरून हा भेद ओळखता येतो. दुसरा उपयोग औषधाचा. कोणते प्रथिन अडले हे समजले, तर त्यावर नेमका उपाय शोधता येईल; आणि तेच प्रथिन तात्पुरते थांबविता आले, तर पुरुषासाठी संततिनियमनाचे साधन मिळेल. न्यू यॉर्कमधील शास्त्रज्ञांनी २०२३ साली उंदरांवर असा प्रयोग केला. एका मात्रेने शुक्रजंतूंची हालचाल काही तास थांबली व दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली.

मात्र उतावीळ होऊ नये. प्रथिन दुरुस्त करून पुरुषाचे वंध्यत्व घालविणारे औषध अद्याप बाजारात आलेले नाही. तसे सांगून कोणी पुड्या वा गोळ्या विकत असेल, तर पैसे देऊ नयेत. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांनी तर विशेष जपावे. त्यांनी शुक्रजंतूंची निर्मितीच थांबू शकते. तंबाखू व अति उष्णताही घातक ठरतात.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर पतिपत्नींनी एकत्रच डॉक्टरांकडे जावे. पत्नीचे वय पस्तीसहून अधिक असल्यास सहा महिन्यांतच जावे. वीर्यतपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा. पहिला निकाल वाईट आला, तर तपासणी पुन्हा करून घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांनीही सुनेला बोल लावण्याआधी मुलाची तपासणी झाली आहे का, एवढे विचारावे. नवी प्रथिनपरीक्षा आपल्या गावी येईल तेव्हा येईल; हा प्रश्न मात्र आजच विचारता येतो, आणि त्याने एका निरपराध स्त्रीचे कित्येक वर्षांचे दुःख वाचू शकते.