कमी पैशांत सेंद्रिय धान्य-भाजी घेताना: आधी चिन्ह पाहा, मग भाव

घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असले की ‘यांच्यापुरते तरी सेंद्रिय घ्यावे’ असे वाटते. पण सेंद्रिय माल बहुधा महाग असतो. जादा पैसे नेमके कशाचे मोजतो आहोत, हे आधी पाहा.

सेंद्रिय घ्यायचे म्हणून रेशनचे धान्य उचलणे बंद करू नका. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मोफत मिळते. सेंद्रिय ही रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता पिकवण्याची पद्धत आहे. अशा धान्यात प्रथिने किंवा लोह जास्तच असते असे नाही. डाळ, अंडी, दूध कमी करून सेंद्रिय तांदूळ आणणे तोट्याचे आहे.

पाकिटावर काय पाहावे?

पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह शोधा. त्यासोबत एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका प्रमाणीकरणाचे चिन्ह असते. ‘गावरान’, ‘देशी’, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ या शब्दांनी माल सेंद्रिय ठरत नाही. गावरान तर वाणाबद्दल सांगतो, फवारणीबद्दल नाही. काळपट गूळही ‘सेंद्रिय’ म्हणून चढ्या भावाने विकला जातो; रंगावरून ते कळत नाही.

स्वस्त कुठे मिळेल?

पीजीएस म्हणजे सहभागी हमी प्रणाली. यात गटातले शेतकरी एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. बाहेरच्या संस्थेचे तपासणी शुल्क नसल्याने खर्च कमी येतो. केंद्र सरकारची परंपरागत कृषी विकास योजना 2015 पासून अशा गटांना मदत करते. तुमच्या तालुक्यात असा गट आहे का, हे कृषी कार्यालयात विचारा. गटाकडून थेट घेतल्यास मधल्या व्यापाऱ्याचा नफा वाचतो. गटाचे प्रमाणपत्र पाहायला मागा आणि त्याची मुदत तपासा. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असे लिहिले असेल तर ते शेत अजून सेंद्रियकडे वळते आहे. तो माल पूर्ण सेंद्रिय नाही, त्यामुळे त्याला पूर्ण सेंद्रियचा भाव देऊ नका.

आठवडी बाजारात स्वतःचा माल थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र तो ‘जैविक भारत’ चिन्ह वापरू शकत नाही. त्यामुळे चिन्ह नाही म्हणजे फसवणूकच, असे समजू नका. खत कोणते घालता, कीड पडली तर काय फवारता, शेत पाहायला येऊ का, एवढे विचारा. खरे करणारा माणूस या प्रश्नांना कंटाळत नाही.

बचत गटातल्या पाच-सहा घरांनी मिळून हंगामात पोतेभर तूरडाळ घेतली तर किलोमागे भाव उतरतो. डाळ कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मेथी, कोथिंबीर यांना मात्र पैसे घालवण्याआधी जुन्या डब्यात किंवा परसात पेरून पाहा. साध्या बाजारातली भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. वरवरची फवारणी बरीच निघते, सगळी नाही.

पाकीटबंद माल घेतल्यावर बिल जपून ठेवा. चिन्ह खोटे वाटले तर पाकिटाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.