मांजराचा ओरखडा : सूज उतरली तरी सुई चुकवू नका

प्रवरेच्या काठावरच्या आमच्या कोल्हारात घरात धान्याची पोती, पोत्यांमागे उंदीर आणि उंदरांमागे मांजर हे ठरलेलेच. हे मांजर लेकरांच्या अंथरुणात झोपते. खेळता खेळता त्याचे नख लागते. "एवढ्याशा ओरखड्याने काय होते?" म्हणून घरची मंडळी कामाला निघून जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोट लाल होते, सुजते, ठणकू लागते. मग हळद, चुना, मशेरी, जे हाताशी सापडेल ते चोपडले जाते. रोज बुडेल म्हणून दवाखाना उद्यावर जातो. वाचकहो, हा 'उद्या' फार महाग पडू शकतो.

अशा ओरखड्यातून दोन वेगवेगळे धोके संभवतात, हे आधी नीट समजून घेऊ.

पहिला धोका डोळ्यांना दिसतो. मांजराच्या नखातले व लाळेतले जंतू कातडीखाली शिरतात. जागा गरम होते, पू धरतो. कधी एक-दोन आठवड्यांनी काखेत गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. सूज वाढते आहे की उतरते आहे हे कळण्यासाठी तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवावी. लाली रेघेबाहेर गेली, ताप आला, हातावर लाल रेषा चढू लागली किंवा बोट वाकेनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मधुमेह असलेल्यांनी तर एवढीही वाट पाहू नये. दिलेल्या गोळ्या बरे वाटले तरी पूर्ण संपवाव्यात. धनुर्वाताच्या सुईचेही विचारून घ्यावे.

दुसरा धोका दिसत नाही. तो रेबीजचा. हा रोग केवळ कुत्र्यामुळे होतो, असा आपल्याकडे समज आहे. पण मांजरालाही रेबीज होतो, आणि पंजे चाटल्याने त्याची लाळ नखांना लागलेली असते. रोगाची लक्षणे बहुधा १ ते ३ महिन्यांनी, क्वचित त्याहूनही उशिरा दिसतात. तोवर जखम भरून आलेली असते. लक्षणे दिसल्यावर मात्र माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून सूज उतरली म्हणजे धोका टळला, असे समजू नये.

मग करावे काय? नख लागताच जखम नळाच्या धारेखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. नळ नसेल तर तांब्याने पाणी ओतत राहावे. नंतर जंतुनाशक लावावे. तिखट, चुना, तेल काहीही भरू नये. घट्ट पट्टी बांधू नये. रक्त आले नसले तरी सरकारी दवाखाना गाठावा. तेथे रेबीजची लस विनामूल्य मिळते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. मांजर घरचे की बाहेरचे, त्याला लस टोचलेली आहे का, हे सांगावे व निर्णय डॉक्टरांवर सोडावा. मांजरावर १० दिवस नजर ठेवावी, पण तोवर आपली लस लांबवू नये.

जुन्या माणसांच्या मनात पोटातल्या १४ सुयांची धास्ती अजून आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस २००४ च्या अखेरीस देशात बंद झाली. आताची लस दंडात, ठरलेल्या ४ किंवा ५ दिवशी घ्यायची असते. पहिल्या सुईनंतर बरे वाटले म्हणून पुढच्या तारखा चुकवू नयेत. दवाखान्याचा कागद भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचून ठेवावा.

शेवटी आयाबहिणींना एक विनंती. मार बसेल या भीतीने मुले ओरखडा लपवतात. लेकराला रागावू नका; त्याने सांगितले म्हणून शाबासकी द्या. आणि घरच्या मांजरालाही जनावरांच्या दवाखान्यात नेऊन दरवर्षी लस टोचून घ्या. एका दिवसाचा रोज पुन्हा मिळवता येतो, गेलेले लेकरू परत येत नाही.