हेडलॅम्प सुखरूप, कॅमेरा रामभरोसे

चाकणच्या कारखान्यातून मोटारीचा हेडलॅम्प निघतो तो थाटात. सनपॅकच्या, म्हणजे पन्हळी प्लास्टिकच्या, खोक्यात त्याच्या मापाचा खण असतो, खणाला फोमचं अस्तर असतं, आणि खोकं हातातून सुटलं तर काय होईल याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. त्याच पट्ट्यात राहणारा फोटोग्राफीचा एखादा नादिष्ट मात्र आपला लाकडी फील्ड कॅमेरा टॉवेलात गुंडाळतो, मुलाच्या जुन्या सॅकमध्ये कोंबतो आणि रविवारी पहाटे बाइकवरून कार्ल्याची वाट धरतो. या कॅमेऱ्यासाठी चांगली सॅक कुठे मिळेल, हे कोडं लार्ज फॉरमॅटच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतं. माझ्या मते ते सुटत नाही, कारण सगळे ते कॅमेऱ्याच्या दुकानात घेऊन जातात.

लार्ज फॉरमॅट म्हणजे फिल्मच्या सुट्या शीटवर फोटो काढणारा कॅमेरा. सर्वात रुळलेलं माप चार बाय पाच इंचांचं. त्यातलं चित्र ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरच्या चौकटीपेक्षा सुमारे १३ पट मोठं असतं. पुढे लेन्सची पाटी, मागे घासलेली काच आणि मधे भाता, एवढाच त्याचा संसार. लेन्सची पाटी वर सरकवता येते, त्यामुळे कॅमेऱ्याची मान वर करावी लागत नाही, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहासारख्या सुमारे १४ मीटर उंच वास्तूचे खांब फोटोत मागे कलंडत नाहीत. (तिथे ट्रायपॉड उभा करायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आधीच काढावी.)

आता वजनाचा हिशेब. घडी होणारा लाकडी फील्ड कॅमेरा दीड ते अडीच किलोचा. स्टुडिओसाठी बनलेला, धातूच्या दांडीवरचा मोनोरेल चार-पाच किलोंचा, शिवाय त्याची घडीही होत नाही. दोन-तीन लेन्स मिळून सव्वा किलो. फिल्म होल्डर पावणेदोनशे ग्रॅमचा आणि त्यात शीट दोनच, म्हणजे दहा होल्डर घेतले तर पावणेदोन किलो वाहून फोटो मिळणार वीस. ट्रायपॉड तीन किलो. वर लाइट मीटर, भिंग, काळं फडकं, दोन लिटर पाणी आणि डबा. सगळं मिळून बारा किलोंच्या आसपास.

जुन्या लोकांच्या मानानं हे काहीच नाही. मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले नाणावलेले फोटोग्राफर. पुढच्याच वर्षी सरकारनं कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळेकडच्या वास्तू टिपायला धाडलं. बिग्ज कागदी निगेटिव्ह वापरत, आणि प्रवासात कागद बरा, तो फुटत नाही. मग काचेचं युग आलं. दोन मिलिमीटर जाडीची, बारा बाय पंधरा इंचांची एक काच सुमारे ५८० ग्रॅम भरते. ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत ती काच जागेवरच लेपायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे धुवायची. म्हणजे रसायनं, पाणी आणि अंधारा तंबूही बरोबर हवा. फोटोग्राफर सॅम्युअल बोर्न १८६४ साली काश्मीरकडे निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर चाळीसहून जास्त हमाल होते. आपलं सॅकचं कोडं त्यांनी दुसऱ्यांच्या पाठीवर टाकून सोडवलं.

पण ओझं कसं वाहावं हे त्या दुसऱ्यांनाच जास्त कळत होतं. १९८६ साली 'नेचर'मध्ये एक छोटा लेख आला. पूर्व आफ्रिकेतल्या लुओ बायका डोक्यावर, तर किकुयू बायका कपाळावरच्या पट्ट्यानं पाठीवर ओझं घेऊन चालत असताना त्यांचा श्वास मोजला गेला. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जवळजवळ फुकटात वाहत होत्या, जास्तीचा प्राणवायू लागतच नव्हता. पुढे १९९५ मध्ये कारण सापडलं. चालताना आपलं शरीर लंबकासारखं वरखाली होतं, वर जाताना वेग उंचीत साठतो आणि खाली येताना परत मिळतो. या देवघेवीत बरीच ऊर्जा वाया जाते. डोक्यावर ओझं आलं की या बायकांची देवघेव उलट सुधारत होती. नंतर दक्षिण आफ्रिकेत झालेल्या मोजमापांत ही सवलत सर्वांना मिळत नाही असं दिसलं, तेव्हा चुंबळ घेऊन लगेच कॅमेरा डोक्यावर चढवायला नको. २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये नेपाळी हमालांची पाळी आली. कपाळावरून घेतलेल्या नामलो नावाच्या पट्ट्यानं पाठीवरची टोपली पेलत हे पुरुष सरासरी आपल्या वजनाच्या ९३ टक्के, तर बायका ६६ टक्के ओझं नामचे बाजारच्या वाटेवर चढवत होत्या, आणि तेही पाठीवर सॅक घेतलेल्या युरोपीय माणसांपेक्षा कमी ऊर्जेत.

आपल्याकडची कावडही या मोजमापातून सुटलेली नाही. १९९१ साली संशोधक रॉजर क्रॅम यांनी लवचीक दांड्याच्या दोन्ही टोकांना वजन टांगून माणसं पळवली. ऊर्जा फारशी वाचली नाही, पण खांद्यावर बसणारा कमाल दाब स्पष्ट कमी झाला. शिंगणापूरचा मुंगी घाट कावडीसह चढणाऱ्या भाविकांना हे सांगायला क्रॅम यांची गरज नव्हती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लॉरेन्स रोम यांनी पुढे सॅकच रबरी दोऱ्यांवर टांगली. आपण चालतो तेव्हा पाठीवरचं ओझं दर पावलाला पाच ते सात सेंटिमीटर वरखाली होतं. ते जागच्या जागी तरंगत राहिलं, तर खांद्याला बसणारे हिसके घटतात. याच हालचालीतून त्यांनी साडेसात वॉटच्या आसपास वीजही काढून दाखवली. चाकणच्या शॉकॲब्सॉर्बर बनवणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. मला मात्र ते यंत्र कॅमेऱ्यासाठी नको, कारण त्या चौकटीचं वजन माझ्याच पाठीवर येणार.

बारा किलो नेमके किती महाग पडतात, याचं एक गणित आहे. अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या पँडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी ते १९७७ मध्ये मांडलं. ६५ किलोंचा माणूस सपाटीवर सेकंदाला एक मीटर वेगानं चालत असेल, तर या सूत्राप्रमाणे बारा किलोंसाठी त्याला सुमारे २३ वॉट जास्त खर्चावे लागतात. तोच माणूस त्याच वेगानं १५ टक्क्यांचा चढ चढू लागला, तर जास्तीचा खर्च ८५ वॉटच्या वर जातो. निगडीच्या दुर्गा टेकडीवर फेरफटका मारताना हलकी वाटलेली सॅक लोहगडच्या पायऱ्यांवर जीव का खाते, ते या दोन आकड्यांत आहे.

ऊर्जेइतकाच महत्त्वाचा असतो तोल. ओझ्याचा गुरुत्वमध्य पाठीपासून दहा सेंटिमीटर मागे गेला, तर बारा किलोंमुळे सुमारे १२ न्यूटन-मीटरचा जास्तीचा पीळ शरीराला मागे ओढतो. तो भरून काढायला आपण पुढे वाकतो आणि संध्याकाळी कंबर धरते. म्हणून सॅक जाड नको, उंच आणि चपटी हवी. कॅमेरा आणि होल्डर पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या जरा खाली. हलकं फडकं आणि जॅकेट बाहेरच्या बाजूला. डिजिटल कॅमेऱ्यांसाठीच्या बॅगा नेमक्या याच्या उलट बेतलेल्या असतात. जाड, चौकोनी, आत खूप सारे फोमचे कप्पे, आणि कंबरपट्टा म्हणाल तर दाखवण्यापुरती एक फीत. रिकामी बॅगच अडीच-तीन किलो भरते. कॅमेऱ्याची ती फार काळजी घेते, माणसाची बिलकूल नाही.

म्हणून सॅक घ्यावी ती ट्रेकिंगच्या दुकानातून, आतून ताठ चौकट असलेली, ४० ते ५० लिटरची. तिचं माप आपल्या उंचीवर ठरत नाही. मान पुढे झुकवल्यावर जे हाड टोकदार लागतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या काठापर्यंतची पाठ मोजायची. पट्टा त्या काठावर बसायला हवा, पोटावर नव्हे. सगळं ओझं कमरेवर उतरतं अशी जाहिरात असते, ती थोडी बेतानं घ्यावी. २००४ मधल्या एका लष्करी अभ्यासात बाहेरून चौकट असलेल्या सॅकचा साधारण ३० टक्के भार कमरेकडे गेला, बाकीचा वरच्या पाठीवर आणि खांद्यांवरच राहिला. तीस टक्केही कमी नाहीत. बारा किलोंतले साडेतीन किलो खांद्यावरून उतरले, तर पायथ्याशी पोचल्यावर मान वळवता येते.

राहिलं कॅमेऱ्याचं रक्षण. ते काम सॅकचं नाहीच. त्यासाठी आत वेगळा खोका हवा, आणि इथे आपला पिंपरी-चिंचवड-चाकणचा पट्टा उपयोगी पडतो.

गणित सोपं आहे. खांद्यावरून उतरवताना सॅक ७५ सेंटिमीटरवरून फरशीवर पडली आणि आतली वस्तू एका मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिला सरासरी ७५० जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ७५० पट, धक्का बसतो. फोमनं ती वस्तू अडीच सेंटिमीटरमध्ये थांबवली, तर सरासरी ३० जी आणि कमाल त्याच्या दुपटीच्या आसपास. फोमचं काम मऊपणा देणं हे नाही, थांबायला जागा देणं हे आहे. त्यासाठी तो दबला पाहिजे. चारशे ग्रॅमची लेन्स ईपीई फोमच्या टणक ठोकळ्यावर पूर्ण टेकली, तर तो ठोकळा दबतच नाही आणि लेन्सच्या दृष्टीनं तो दगड. जड मोनोरेल मऊ स्पंजावर ठेवला, तर स्पंज पार चेपून कॅमेरा तळाला आपटतो. एकाच जाडीचा एकच फोम सगळीकडे चिकटवणं ही इथली नेहमीची चूक. भोसरी-चाकणमधले पॅकेजिंगवाले वस्तूचं वजन भागिले टेकणारं क्षेत्रफळ असा हिशेब करतात आणि हलक्या वस्तूखाली फोमच्या अख्ख्या ठोकळ्याऐवजी सुट्या पट्ट्या लावतात, म्हणजे टेकण्याची जागा कमी होऊन फोम दबतो. लेन्सच्या कप्प्यात हेच करायचं. खोका सनपॅकचा: हलका, ताठ, कटरनं कापता येणारा, पाण्याला न घाबरणारा. होल्डरसाठी त्याच शीटच्या उभ्या फळ्या घालाव्यात. घासलेली काच असलेली बाजू आपल्या पाठीकडे ठेवावी, कारण सॅक झाडाला, दाराला, एसटीच्या दांड्याला घासते ती बाहेरून.

होल्डरची एवढी काळजी कशाला, असं वाटेल. अमेरिकी मानकाप्रमाणे चार बाय पाचच्या होल्डरमध्ये फिल्म ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिलिमीटर खोलीवर बसते आणि तिथे चालणारी घटबढ आहे ०.००७ इंचाची, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. टॉलरन्स म्हणजे काय ते शॉप फ्लोअरवर काम केलेल्याला समजावून सांगायला नको. त्याहून मोठा शत्रू धूळ. फिल्मवर बसलेला कण फोटोत काळा ठिपका होऊन कायमचा राहतो, आणि पुणे-नाशिक रस्त्यावर धुळीला तोटा नाही. प्रत्येक होल्डर झिपच्या वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घालणं हा उपाय दिसायला गबाळा आहे, पण त्याहून चांगला मला माहीत नाही.

बाइकवर सॅक कॅरिअरला बांधायची की पाठीवर घ्यायची? पाठीवर. एक सिलिंडरचं इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर असेल, तर सेकंदाला सुमारे ६७ कंपनं होतात आणि कॅरिअर ती जशीच्या तशी पुढे देतो. बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेत चार ते आठ हर्ट्झच्या आसपास सर्वात जास्त डोलतं, पण त्याच्या खूप वरची कंपनं मांस आणि गादी मिळून गिळून टाकतात. बारीक कंपनांनी स्क्रू सैल होतात, विशेषतः आडव्या दिशेतल्या. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये ते दाखवून दिलं आणि नट-बोल्टच्या कारखान्यांत आजही त्यांच्या नावाची चाचणी चालते. लेन्सच्या शटरमधले स्क्रू तर मोहरीएवढे. मोटार असेल तर डिकीपेक्षा मागची सीट बरी, बेल्ट लावून.

पावसाळ्याबद्दल थोडंच सांगतो. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सवर बुरशी धरते, म्हणून ट्रेकवरून आल्यावर ओली सॅक कपाटात बंद करू नये आणि लेन्स त्यात ठेवून तर मुळीच नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पण तव्यावर किंवा ओव्हनमध्ये तापवून त्या पुन्हा कोरड्या करायला विसरू नये. सॅकच्या आतल्या पॉलियुरेथेनच्या थरालाही दमट हवा मानवत नाही; काही वर्षांत तो चिकट होऊन सोलायला लागतो.

ट्रायपॉड सॅकच्या मध्यभागी उभा बांधावा. एका बाजूला लटकवला तर तीन किलो अख्खा दिवस एकाच खांद्याला ओढत राहतात. विसापूरच्या पठारावर वारा असला की हीच सॅक ट्रायपॉडच्या मधल्या दांडीला वजन म्हणून टांगतात. मात्र ती अधांतरी ठेवू नये. वाऱ्यानं ती झुलली तर ट्रायपॉडही हलतो, आणि एफ ३२ वर दोन-चार सेकंदांचं एक्स्पोजर चालू असताना ते परवडत नाही. दोरी एवढी लांब ठेवावी, की सॅकचा तळ जेमतेम जमिनीला टेकेल आणि बरंचसं वजन दोरीवरच राहील.