संदर्भांची नोंद आणि संगणक



घेतलेले ऋण मान्य करावे, हा व्यवहारातला न्याय विद्येच्या क्षेत्रातही लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर प्रबंधातील उचललेला मजकूर दहा टक्क्यांपलीकडे गेला, की दंडाला आरंभ होतो. साठ टक्क्यांपलीकडे नोंदणीच रद्द होते. योग्य निर्देश करून घेतलेला उतारा मात्र या हिशेबात धरीत नाहीत. म्हणून निर्देश सांभाळणे महत्त्वाचे ठरते.

या कामासाठी झोटेरोसारख्या संगणकप्रणाली निघाल्या आहेत. झोटेरो २००६ पासून विनामूल्य मिळते. ग्रंथाचा कर्ता, नाव, प्रकाशक, स्थळ व वर्ष एकदा नोंदले, की लिहिताना हवी तेथे तळटीप उमटते आणि अखेरीस संदर्भसूची आपोआप तयार होते.

मग ग्रंथपालाने शिकवावयाचे ते काय? यंत्राला जे उमगत नाही ते. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण घ्या. ते प्रथम १६१६ साली राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. १९०७ साली मंगळूरला सालदाना यांनी ते रोमीतच संपादिले. १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणले. विद्यार्थ्याने देवनागरी प्रत वाचली असेल, तर नोंदीत १९५६ हेच वर्ष हवे. १६१६ लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या ग्रंथाची साक्ष काढणे होय.

ग्रंथांना आंतरराष्ट्रीय क्रमांक देण्याची पद्धत १९७० च्या सुमारास रूढ झाली. क्रमांक देताच माहिती भरून घेण्याची सोय त्यापूर्वीच्या प्रतींना लाभत नाही. शीर्षकपान उघडून सारे हातानेच भरावे लागते. तसेच अ. का. प्रियोळकरांचे नाव इंग्रजी ग्रंथासाठी रोमीत आणि मराठी ग्रंथासाठी देवनागरीत लिहिले, तर यंत्र त्यांना दोन भिन्न लेखक समजते. अशा वेळी कोणती रीत पाळावयाची, हे आरंभीच ठरवावे.

पेडण्यात विर्नोड्याला आणि डिचोलीत साखळीला शासकीय महाविद्यालये आहेत. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी प्रबंध लिहिलेला नाही, अशा मुलाला सत्रारंभीचे एक व्याख्यान पुरत नाही. त्याच्याच विषयाचे तीन ग्रंथ घेऊन ग्रंथपालाने त्याच्याकडून नोंदी करवून घ्याव्या आणि प्रबंध लिहिताना अडचण आली, तर पुन्हा जवळ बसवावे. विद्यार्थ्यानेही एक नेम करावा: नोंद केल्यावाचून ग्रंथ मिटावयाचा नाही.